तळहातावर मावणारा सम्राट

1438 साली बायझंटाईन (म्हणजे पूर्व रोमन) सम्राट आठवा जॉन पॅलिओलोगस इटलीतल्या फेरारा शहरात दाखल झाला. तुर्कांचा फास आवळत चालला होता आणि पश्चिमेची मदत हवी, तर आधी पूर्वेचं ऑर्थोडॉक्स आणि पश्चिमेचं कॅथलिक या दोन चर्चमधला जुना तंटा मिटवणं भाग होतं. तिथे पिसानेल्लो नावाच्या चित्रकाराने सम्राटाचा चेहरा पदकावर उतरवला. प्रबोधनकाळातलं हे पहिलं व्यक्तिचित्र-पदक मानलं जातं.

ते जेमतेम 10 सेंटिमीटर रुंद आहे. पुढच्या बाजूला टोकदार दाढी आणि उंच टोपी. मागच्या बाजूला हाच सम्राट घोड्यावर बसून वाटेवरच्या क्रूसापुढे हात जोडतो आहे. शेजारी दुसरा स्वार, तोही चक्क पाठमोरा! एवढ्याशा जागेत इतकी खोली साधायला फार मोठी नजर लागते.

नाणं ठशाच्या आघाताने पाडतात, त्यामुळे त्यावरचा उठाव बेताचाच राहतो. ही पदकं मात्र ओतीव. कलाकार मेणात दोन्ही बाजू घडवायचा, त्यावरून साचा तयार व्हायचा आणि त्यात शिसं किंवा कांसं ओतलं जायचं. मेण हवं तसं वळतं, म्हणूनच गालाचा उंचवटा, केसांची लट इतक्या जिवंत उतरल्या.

शिवाय एका नमुन्यावरून अनेक पदकं निघत आणि ती दूताच्या सामानात सहज मावत. राजदरबारांना याहून सोयीची भेट कुठली? 1478 मध्ये फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलमध्ये शहराचा सर्वेसर्वा लोरेंझो द मेदिची याच्या भावाचा खून झाला. मारेकरी बर्नार्दो बांदिनी इस्तंबूलला पळाला, पण तुर्कांचा सुलतान दुसऱ्या मेहमेदने त्याला पकडून परत पाठवलं. त्यानंतर थोड्याच काळात लोरेंझोच्या मर्जीतल्या बेर्तोल्दो या शिल्पकाराने सुलतानाचं पदक घडवलं. ते याच उपकाराची फेड असावं, असं अनेक इतिहासकार मानतात. हा मेहमेद म्हणजे 1453 मध्ये बायझंटाईन राजधानी कॉन्स्टँटिनोपल (आजचं इस्तंबूल) जिंकणारा. म्हणूनच फ्लॉरेन्सने त्याचं असं कौतुक करणं मला फार बोलकं वाटतं.

पदकावरूनच साचा घेऊन पुढेही नकला निघत राहिल्या. त्या ओळखायला भौतिकशास्त्र कामी येतं. कांसं थिजून गार होताना साधारण एक ते दोन टक्के आकसतं, म्हणून नकलेची नक्कल आणखी लहान भरते आणि बारीक रेषाही बोथट होतात. अभ्यासक त्यामुळे आधी व्यास मोजतात. 100 मिलिमीटरच्या पदकात एक-दोन मिलिमीटरची तूट दिसली, की संशयाला जागा झालीच.