कानामागची पट्टी कानासाठी नसते

घाटात एसटी वळणं घेऊ लागली की कुणीतरी म्हणतंच, "पित्ताची प्रकृती ना, म्हणून गाडी लागते." पोट बिचारं विनाकारण बदनाम. मान खाली घालून मोबाइल बघताना डोळे सांगतात, आपण स्थिर आहोत. आतल्या कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो, हलतोय. या विसंगतीतून मळमळ सुरू होते. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८८२ साली ५१९ मूकबधिरांची माहिती दिली होती: गरगर फिरवल्यावर त्यांतल्या १८६ जणांना अजिबात चक्कर आली नाही, बहुधा त्यांच्या आतल्या कानातला तो तोलाचा भागच निकामी असल्यामुळे.

आता दुसरा, जरा शहाणा वाटणारा गैरसमज. परदेशात बोटीवर जाणारे मळमळ होऊ नये म्हणून कानामागे छोटी गोल औषधी पट्टी चिकटवतात, तेव्हा वाटतं की औषध थेट कानात झिरपतं. तसं नाही. तिथली त्वचा औषध चांगलं शोषते, एवढंच कारण. पट्टीतलं स्कोपोलामाईन (आपल्या धोतऱ्यातही असतं, पण म्हणून धोतरा खायचा नाही, तो विषारी आहे) त्वचेतून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जातं. पट्टी तीन दिवस चालते, मात्र प्रवासाच्या निदान चार तास आधी लावावी लागते. बोट हलायला लागल्यावर लावली तर लगेच उपयोग होत नाही. काहींना तिथे खाज सुटते, त्वचा लाल होते. लावून झाल्यावर हात धुवा. तोच हात डोळ्याला लागला तर बाहुली मोठी होऊन अंधूक दिसतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका, लहान मुलांना तर नकोच.