हेल आधी, की जीभ आधी?

‘दूध’ लिहिताना दू दीर्घ, ‘दुधाचा’ लिहिताना दु ऱ्हस्व. फूल-फुलाला, मीठ-मिठात, बहीण-बहिणीला. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखननियमांतला हा नियम शाळेत पाठ करून घेतात, आणि तो कुणाच्या तरी लहरीतून आला असावा असंच मुलांना वाटतं. पण तो बोलण्यातून उतरलेला आहे. ‘दूध’ एका झटक्यात उच्चारायचा शब्द असल्याने त्यातल्या ऊला ऐसपैस जागा मिळते. पुढे ‘आचा’ जोडलं की शब्दाची लय बदलते आणि तोच स्वर आवरता घ्यावा लागतो. ‘गुण’ हा तत्सम शब्द नियमाला अपवाद म्हणून ऱ्हस्व लिहितात खरा, पण बोलताना बहुतेक जण ‘गूण’च म्हणतात. इथे लेखणी संस्कृतचं ऐकते, जीभ मराठी लयीचं.

लय आणि हेल यांचा जीभ-जबड्याच्या हालचालीवर अंमल चालतो, हे आज उच्चारशास्त्रात बऱ्यापैकी रुळलेलं आहे. तिथवर पोचायला मात्र फार वळसा पडला. दीर्घकाळ समज असा होता की क, म, आ, ई हे ध्वनी म्हणजे विटा, आणि सूर, आघात (अक्षरावर दिलेला जोर) हा वरून दिलेला रंग.

आपल्याकडच्या वैयाकरणांनी स्वराघाताचं वर्णन मात्र थेट शरीराच्या भाषेत केलं होतं. पाणिनीचं सूत्र ‘उच्चैरुदात्तः’ एवढंच आहे, म्हणजे उच्च उच्चारलेला स्वर तो उदात्त (आणि नीच तो अनुदात्त). पण उच्च म्हणजे काय? पतंजलीच्या महाभाष्यात उत्तर आहे : ‘आयामो दारुण्यमणुता खस्य’. म्हणजे अवयव ताणले जाणं, आवाज रुक्ष होणं आणि गळ्यातली पोकळी अरुंद होणं. अनुदात्तासाठी याच्या उलट : शैथिल्य, मार्दव, रुंद पोकळी. तैत्तिरीय प्रातिशाख्यातही, म्हणजे वेदाच्या उच्चारांचे नियम सांगणाऱ्या ग्रंथातही, हेच येतं. ‘आमच्याकडे सगळं आधीच होतं’ म्हणून टाळ्या पिटायचं कारण नाही. ताणाची गोष्ट बरोबर निघाली, कारण स्वरतंतू ताणले की सूर चढतो. पोकळीची गोष्ट तितकी सरळ नाही. पण सूर म्हणजे शरीराने करायची कृती, ही दृष्टी मोलाची होती.

युरोपात उपकरणं आली ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. पॅरिसला उच्चारांचा अभ्यासक आबे रूसलो काजळी धरलेल्या फिरत्या नळकांड्यावर श्वास आणि कंठाच्या कंपनाच्या रेघा उमटवत असे. १९०९ मध्ये लंडनच्या डॅनियल जोन्सने ग्रामोफोनच्या तबकड्या ऐकून सुरांचे आलेख काढले. एकीकडे अवयव, दुसरीकडे सूर, आणि दोघांची गाठ कुठेच नाही.

ती घालण्याचा धाडसी प्रयत्न अमेरिकेतल्या ओबरलिन कॉलेजच्या आर. एच. स्टेटसनने केला. बोलणं म्हणजे हालचालींतून निघालेले आवाज नव्हेत, तर ऐकू येणाऱ्या हालचाली, असं तो म्हणे. १९२८ मध्ये त्याने मांडलं की प्रत्येक अक्षरामागे छातीच्या स्नायूंचा एक स्वतंत्र धक्का असतो. कल्पना इतकी देखणी की तीस वर्षं ती टिकली. १९५८ मध्ये एडिंबरामध्ये लॅडेफोगेड, ड्रेपर आणि व्हिटरिज यांनी बरगड्यांमधल्या स्नायूंची विद्युत-हालचाल प्रत्यक्ष मोजली आणि हिशेब जमेना. कधी दोन अक्षरांना मिळून एकच धक्का, कधी एकाच अक्षरात दोन. आघात असलेल्या अक्षराआधी मात्र जोर वाढलेला दिसे. स्टेटसन हरला, पण त्याचा प्रश्न हरला नाही.

मधल्या काळात केनेथ पाइकने १९४५ मध्ये भाषांची वाटणी केली : काही आघातांच्या तालावर चालतात, काही अक्षरांच्या. ही वाटणी पाठ्यपुस्तकांत घट्ट बसली, पण घड्याळ लावून मोजल्यावर ती तशी सापडेना. तिच्यावर फार शाई खर्च झाली, एवढंच.

खरं वळण स्टॉकहोममध्ये आलं. १९६३ मध्ये ब्यॉर्न लिंडब्लोमने स्वीडिश स्वर तपासून दाखवलं की अक्षराला वेळ कमी मिळाला तर जीभ मुक्कामाला पोचण्याआधीच माघारी वळते. म्हणजे लयीने वेळ कापला की स्वराचा आकारच बदलतो. मग रंग आणि वीट वेगळी कशी मानायची?

पुढे जिभेवर बारीक गोळ्या चिकटवून त्यांचा क्ष-किरणांनी माग काढायचं तंत्र टोकियोत निघालं. १९८० च्या दशकात चुंबकीय क्षेत्राने तेच काम होऊ लागलं. केनेथ डी योंगने १९९५ मध्ये याच क्ष-किरण नोंदींवरून म्हटलं की आघात म्हणजे तेवढ्यापुरता केलेला ठसठशीत उच्चार. १९९७ मध्ये फूजरों आणि कीटिंग यांनी टाळूवर विद्युतस्पर्शकांची पट्टी बसवून ‘न’ मोजला. शब्दाच्या सुरुवातीचा न, वाक्यखंडाच्या सुरुवातीचा न आणि वाक्याच्या सुरुवातीचा न सारखे नव्हते. विराम जितका मोठा, तितकी त्यापुढच्या ‘न’ला जीभ टाळूला जास्त चिकटे. बोलणाऱ्याला याचा पत्ताही नसतो. २००३ मध्ये बर्ड आणि सॉल्ट्झमन यांनी यावर गणिती प्रतिमान दिलं : वाक्यखंडाच्या कडेला बोलण्याचं आतलं घड्याळच मंदावतं, म्हणून तिथल्या सगळ्याच हालचाली लांबतात.

हनुवटीखाली बोट धरून आधी सरळ म्हणा, ‘मामा आला होता’. मग कुणाला तरी खोडून काढत म्हणा, ‘मामा आला होता, काका नाही’. ‘मामा’पाशी बोटाला काय जाणवतं ते बघा.