तारेने बांधलेली दांडी: जुन्या हलक्या विमानांतले मिक्श्चर आणि क्रूझचा वेग

पायपर जे-३ कब, एरॉन्का चीफ, सेसना १४० ही दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे बनलेली विमाने. त्यांच्या इंजिनाचे झाकण उघडले की अनेकदा कार्ब्युरेटरवरची मिक्श्चरची, म्हणजे पेट्रोल आणि हवेचे प्रमाण बदलणारी, दांडी 'फुल रिच'ला (पेट्रोल जास्तीत जास्त) आणून बारीक तारेने कायमची बांधलेली दिसते. कॉकपिटमध्ये मिक्श्चरचा नॉब नसतोच, किंवा असला तरी त्याला काही जोडलेले नसते. 'रिच ठेवले की इंजिन सुरक्षित' ही समजूत या तारेतून पिढ्यान्‌पिढ्या पुढे आली. तार बांधली तेव्हा तिला सबळ कारणे होती. त्यांतली बरीचशी आता उरलेली नाहीत.

सुरुवात मिश्रणापासून करू. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने एका भागाला साधारण १५ भाग हवा लागते. सर्वाधिक ताकद १२.५ ते १३ भाग हवेला मिळते आणि सर्वाधिक काटकसर १६ च्या आसपास. पेट्रोल जास्त म्हणजे रिच, हवा जास्त म्हणजे लीन. साध्या कार्ब्युरेटरला हवेचे वजन कळत नाही, व्हेंच्युरीतला, म्हणजे हवेच्या वाटेतल्या अरुंद गळ्यातला, दाबाचा फरक तेवढा कळतो. त्यामुळे उंचीवर हवा विरळ झाली तरी पेट्रोल त्या प्रमाणात कमी होत नाही आणि मिश्रण घनतेच्या वर्गमुळाच्या उलट प्रमाणात रिच होत जाते. ५,००० फुटांवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या ८६ टक्के असते, म्हणजे मिश्रण सुमारे ८ टक्के जास्त रिच. १०,००० फुटांवर घनता ७४ टक्के, मिश्रण १६ टक्के जास्त रिच. खाली १२ ला १ लावलेले इंजिन तिथे १०.३ ला १ वर चालते.

राइट बंधूंच्या १९०३ च्या इंजिनात हा प्रश्न उद्भवलाच नाही. पंखांमधल्या दांडीवर बसवलेल्या टाकीतून पेट्रोल आपल्या वजनाने खाली एका उथळ डब्यात येई आणि हवेबरोबर आत ओढले जाई. थ्रॉटल, म्हणजे ताकद कमी-जास्त करणारी झडप, नव्हता. मिश्रण जमिनीवर एकदा लावायचे आणि उडायचे. पहिल्या महायुद्धातल्या ल रोन आणि क्लेर्जे या रोटरी (सिलिंडरांसकट फिरणाऱ्या) इंजिनांनी सगळा भार वैमानिकावर टाकला: हवेची दांडी वेगळी, पेट्रोलची वेगळी, आणि थ्रॉटल हलवला की पेट्रोल पुन्हा हाताने जुळवायचे. सॉपविथ कॅमल या लढाऊ विमानात उड्डाणानंतर लगेच पेट्रोल कमी केले नाही तर इंजिन गुदमरे, आणि कमी उंचीवर, कमी वेगात ते जिवावर बेतणारे ठरे.

क्रूझचा, म्हणजे वाटेतल्या सपाट उड्डाणाचा, वेग आणि मिश्रण हे एकाच हिशेबाचे दोन भाग आहेत, हे नीट दाखवून दिले चार्ल्स लिंडबर्ग यांच्या १९२७ च्या अटलांटिक उड्डाणाने. त्यांच्या 'स्पिरिट ऑफ सेंट लुइस' या विमानाचा आराखडा करणाऱ्या डोनाल्ड हॉल यांनी वजनागणिक किफायतशीर वेग काढून ठेवला होता: टाक्या भरलेल्या असताना ताशी सुमारे ९५ मैल, शेवटी विमान हलके झाल्यावर ७५. विमान ४५० गॅलन पेट्रोल घेऊन निघाले, साडेतेहतीस तास उडाले आणि पॅरिसला उतरले तेव्हाही टाक्यांत पेट्रोल शिल्लक होते. वजन घटेल तसा वेग कमी करायचा, आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) खाली आणायचा, मिश्रण लीन करायचे. यातले एकही सुटले तर बाकीच्या दोघांचा फायदा अर्ध्यावर येतो. १९४४ साली लिंडबर्ग यांनीच पॅसिफिकमध्ये पी-३८ या लढाऊ विमानाच्या वैमानिकांना हेच शिकवले: १,६०० आरपीएम, मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतला) दाब चढा, मिश्रण 'ऑटो लीन' म्हणजे आपोआप लीन ठेवणाऱ्या जागी. इंजिने खराब होतील ही वैमानिकांची भीती खरी ठरली नाही, आणि विमानांचा पल्ला शेकडो मैलांनी वाढला.

आपल्याकडची एक गोष्टही याच काळातली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी डी हॅविलंडच्या पुस मॉथ या छोट्या विमानातून टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहू गाठले, आणि तिथून नेव्हिल विन्सेंट ते बेल्लारीमार्गे मद्रासला घेऊन गेले. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीवरून आले होते. जिथे पेट्रोल असे मोजून मिळते, तिथे ताशी किती गॅलन जातात या प्रश्नावर मार्गातले थांबे ठरतात. डी हॅविलंडच्या या घराण्यातली जिप्सी इंजिने फ्रँक हॅलफर्ड या अभियंत्याची. त्या काळातल्या बऱ्याच ब्रिटिश विमानांत मिक्श्चरची दांडी मागे म्हणजे रिच आणि पुढे म्हणजे लीन अशी असे, म्हणजे थ्रॉटल मागे घेतला की तीही आपोआप रिचला येई. अमेरिकन पद्धत नेमकी उलटी: नॉब ओढला की लीन. दोन्ही प्रकारची विमाने उडवणाऱ्याने दांडीला हात लावण्यापूर्वी तिच्यावरची अक्षरे वाचावीत. सवयीच्या भरात हात चुकीच्या दिशेला जातो.

तारेची गोष्ट मात्र अमेरिकेतली. कबमध्ये कॉन्टिनेंटल ए-६५ इंजिन असते, २,३०० आरपीएमला ६५ हॉर्सपॉवर देणारे. त्यावर स्ट्रॉम्बर्ग एनए-एस३ कार्ब्युरेटर. या कार्ब्युरेटरचे मिक्श्चर 'बॅक सक्शन' पद्धतीचे आहे. जेटमधून किती पेट्रोल जाणार हे फ्लोटच्या वाटीतला (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या साठ्यातला) दाब आणि व्हेंच्युरीतला दाब यांच्या फरकावर ठरते. दांडी लीनकडे नेली की आतली एक चकती फिरते, वाटीतल्या पेट्रोलवरची जागा व्हेंच्युरीच्या कमी दाबाला जोडली जाते, फरक घटतो आणि पेट्रोल कमी येते. कल्पना सुरेख, पण तिच्या दोन मर्यादा आहेत. थ्रॉटल बंद असताना व्हेंच्युरीत ओढ फारशी नसते, त्यामुळे आयडलला दांडी काहीच करत नाही. आणि ती पेट्रोल पूर्ण बंद करू शकत नाही. म्हणून ही इंजिने मॅग्नेटोच्या (ठिणगीसाठी वीज देणाऱ्या यंत्राच्या) स्विचने बंद करतात. (मॅग्नेटोची अर्थिंगची वायर तुटलेली असेल तर स्विच बंद करूनही इंजिन चालू राहते, आणि बंद दिसणारा प्रोपेलर हाताने फिरवताना अचानक सुटू शकतो. हाताने स्टार्ट होणाऱ्या विमानात ही वायर नियमित तपासायलाच हवी.) पुढे आलेल्या मार्वल-शेब्लर एमए-३ कार्ब्युरेटरमध्ये जेटकडे जाणारे पेट्रोलच झडपेने अडवले जाते. त्यामुळे इंजिन मिक्श्चरने बंद करता येते. सेसना १५० च्या ओ-२०० इंजिनावर तेच होते.

कब उडे १,००० ते ३,००० फुटांवर, क्लब आणि शाळांमध्ये. तिथे लीन करण्याचा फायदा नगण्य. चकती झिजली की दांडी निरुपयोगी होई, शिवाय शिकाऊ वैमानिकाने चुकून ओढली तर इंजिन अडखळे. पेट्रोलही स्वस्त. तार बांधणे हा त्या परिस्थितीत रास्त निर्णय होता.

परिस्थिती पालटली ती पेट्रोलमुळे. ए-६५ हे ७३ ऑक्टेनसाठी बनलेले, कॉम्प्रेशन ६.३ ला १. पुढे ते ८०/८७ या दर्जाच्या पेट्रोलवर चालले, त्यात गॅलनमागे फार तर ०.५ मिलिलिटर टेट्राएथिल लेड, म्हणजे ऑक्टेन वाढवणारे शिशाचे संयुग. ते पेट्रोल मिळेनासे झाले आणि १०० एलएल उरले, ज्यात २ मिलिलिटरपर्यंत लेड असते, म्हणजे चौपट. नावातले 'लो लेड' हे आधीच्या १००/१३० च्या तुलनेत. लेड बाहेर काढण्यासाठी पेट्रोलमध्ये एथिलीन डायब्रोमाइड घालतात, पण ते ज्वलनाची उष्णता पुरेशी असली तरच काम करते. कमी कॉम्प्रेशनचे, गार चालणारे आणि त्यात कायम रिच ठेवलेले इंजिन ही उष्णता गाठतच नाही. मग खालच्या स्पार्क प्लगमध्ये राखाडी गोळे साचतात, मॅग्नेटो तपासताना आरपीएम जास्त पडतो, एक्झॉस्ट व्हाल्व्हच्या दांड्याभोवती थर बसून सकाळी पहिल्या स्टार्टला व्हाल्व्ह अडकतो. लेडसाठी रिच हे औषध नव्हे, ते रोग वाढवते.

उष्ण हवामानात तारेचा त्रास आणखी लवकर जाणवतो. पुण्याचा विमानतळ १,९४२ फुटांवर आहे. मे महिन्यात दुपारी ४० अंश असताना तिथली घनता-उंची, म्हणजे तितकी विरळ हवा एरवी ज्या उंचीवर असते ती, ५,४०० फुटांच्या आसपास जाते: प्रमाणित तापमान ११ अंश, फरक २९ अंश, प्रत्येक अंशाला १२० फूट. म्हणजे 'लीन ५,००० फुटांवर करा' हा जुना नियम तिथे धावपट्टीवरच लागू होतो. हिंदुस्थान एअरोनॉटिक्सच्या पुष्पकमध्ये कॉन्टिनेंटल सी-९० हे याच घराण्यातले इंजिन होते आणि देशभरच्या फ्लाइंग क्लबांत ती विमाने उडत असत. तिथेही हाच प्रश्न येई.

ईजीटी मीटर (एक्झॉस्टचे तापमान दाखवणारे) नसलेल्या, स्थिर पिचच्या (पात्यांचा कोन न बदलणाऱ्या) प्रोपेलरच्या विमानात लीन करायची रीत साधी आहे. क्रूझच्या उंचीवर सपाट उड्डाणात स्थिर व्हा, आरपीएम ७५ टक्के ताकदीच्या खाली ठेवा. कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी सोय) बंद आहे ना ते पाहा. दांडी अगदी हळू लीनकडे न्या. आरपीएम थोडा वाढेल, मग घटेल आणि इंजिन खडबडीत होईल. तिथून परत रिचकडे या, आरपीएम कमाल आणि चालणे गुळगुळीत होईपर्यंत, आणि किंचित आणखी रिचकडे. स्थिर पिचमध्ये आरपीएमच तुमचे मीटर आहे. खाली उतरायला लागण्याआधी रिच करायला विसरू नका: लीन ठेवून खाली आलात आणि फेरउड्डाणासाठी थ्रॉटल पूर्ण उघडलात, तर जास्त ताकदीला लीन मिश्रण मिळते. त्याने डेटोनेशन होते, म्हणजे मिश्रण नीट जळण्याऐवजी स्फोटासारखे पेटते, आणि एक्झॉस्ट व्हाल्व्ह जळतो. ७५ टक्क्यांच्या वर चाचपडत लीन करायचे नाही, ते याच कारणाने.

ए-६५ ला एकच ईजीटी प्रोब लावून त्यावर विसंबणे बरोबर नाही. कार्ब्युरेटर मध्यभागी खाली, चार सिलिंडरांकडे जाणाऱ्या नळ्या वेगवेगळ्या. एक सिलिंडर रिच असताना दुसरा आधीच लीन असतो. नळ्यांच्या सांध्यांवरचे रबर चिरले की त्या सिलिंडरला हवा शिरते, विशेषतः आयडलला. प्रायमर (स्टार्टच्या वेळी जादा पेट्रोल देणारा हातपंप) नीट लॉक झाला नाही तर उलटे होते, पेट्रोल झिरपून मिश्रण रिच. म्हणून लीन करण्याच्या भानगडीत पडण्यापूर्वी रबरे, प्रायमर आणि फ्लोटची पातळी तपासा. आरपीएम मीटरही ऑप्टिकल टॅकोमीटरशी ताडून पाहा. जुनी यांत्रिक मीटरे कमी दाखवतात, आणि २,१५० वाचताना इंजिन प्रत्यक्षात २,२५० ला फिरत असेल, तर ७५ टक्क्यांचा हिशेबच कोसळतो.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणच्या दमट हवेत, २५ अंशांनाही कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो. कॉन्टिनेंटलचा कार्ब्युरेटर इंजिनाच्या गरम भागापासून लांब लटकतो, त्यामुळे तो याला जास्त बळी पडतो. बर्फाने हवा अडली की मिश्रण रिच होते आणि आरपीएम हळूहळू घसरतो. हे लीन करण्याची वेळ आली असे वाटून दांडी ओढणे घातक. आधी पूर्ण कार्ब हीट द्या. गरम हवा विरळ असल्याने हीटनेही मिश्रण रिच होते, त्यामुळे आरपीएम आधी आणखी पडतो आणि बर्फ वितळला की वर येतो.

आता वेगाकडे. स्थिर पिचच्या प्रोपेलरचा सैद्धांतिक वेग पटकन काढता येतो: पिच (एका फेऱ्यात प्रोपेलर पुढे सरकेल ते अंतर) इंचांत, गुणिले आरपीएम, भागिले १,०५६. ४२ इंच आणि २,१५० ला ताशी साडेपंच्याऐंशी मैल निघतात. कबचा प्रत्यक्ष क्रूझ ७५ च्या आसपास, म्हणजे सुमारे १२ टक्के घसरण. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने आणि त्यासाठीची ताकद घनाने वाढते. ७५ वरून ८० वर जायला अडथळ्याच्या त्या भागापुरती २१ टक्के जास्त ताकद लागते. पाच मैलांसाठी एवढे पेट्रोल मोजावे का, हे वैमानिकाने ठरवायचे.

१९८० च्या सुमारास अमेरिकी नौदल अकादमीतल्या बी. एच. कार्सन यांनी याचे एक देखणे उत्तर दिले. हवेचा अडथळा सर्वांत कमी असतो तो वेग, म्हणजे सर्वोत्तम ग्लाइडचा (इंजिनाविना तरंगत जाण्याचा) वेग, १.३२ ने गुणायचा. वेग ३२ टक्के वाढतो, अडथळा मात्र साडेपंधरा टक्केच वाढतो. पेट्रोलच्या प्रत्येक थेंबामागे मिळणारा वेग इथे सर्वाधिक असतो. ग्लाइड ताशी ६० मैल असेल तर ७९. वजन कमी झाले की ग्लाइडचा वेग घटतो, आणि त्याबरोबर हाही. हॉल यांचा ९५ वरून ७५ वर येणारा तक्ता याच नियमाचा दुसरा चेहरा आहे. समोरून वारा असेल तर वेग थोडा वाढवा, मागून असेल तर थोडा कमी करा.

तार सोडायची असेल तर पायरी ठरलेली आहे. विमानाच्या कागदपत्रांत मिक्श्चर बंद केल्याची नोंद असते, ती बदलायला परवानाधारक इंजिनिअर लागतो. चकती आणि तिची बैठक सपाट हवी, केबलने दांडी दोन्ही टोकांपर्यंत पूर्ण फिरायला हवी. मग ५,००० फुटांच्या वर, क्रूझच्या थ्रॉटलला दांडी पूर्ण लीनकडे न्यायची. आरपीएम हलला, तर मिक्श्चर जिवंत आहे. काहीच फरक पडला नाही, तर चकती गळते आहे आणि वाटीतला दाब उतरत नाही. आयडलला किंवा जमिनीवर ही परीक्षा घेऊ नका, तिथे निरोगी स्ट्रॉम्बर्गही दांडीला प्रतिसाद देत नाही.