हिमनदीच्या बुडाखालचं पाणी

30 ऑगस्ट 1965. स्वित्झर्लंडच्या व्हाले प्रांतात, सास खोऱ्याच्या वरच्या टोकाला माटमार्क धरणाचं काम जोरात चाललं होतं. कामगारांच्या बराकी, उपाहारगृह, वर्कशॉप हे सगळं उभारलं होतं आलालिन हिमनदीच्या जिभेखाली. हिमनदीच्या उतारावर लोंबणाऱ्या पुढच्या टोकाला जीभ म्हणतात. संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास ही जीभ तुटली आणि सुमारे 20 लाख घनमीटर बर्फ छावणीवर कोसळला. 88 माणसं गेली, त्यातली 56 इटलीहून कामाला आलेली. पुढे 17 जणांवर खटला चालला आणि 1972 साली सगळे निर्दोष सुटले, कारण असं काही घडेल हे आधी ओळखणं शक्य नव्हतं असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. अपिलातही तेच झालं. वर खटल्याचा निम्मा खर्च मृतांच्या नातलगांच्या माथी मारला गेला.

आधी ओळखता आलं असतं का, याचं उत्तर हिमनदी मुळात घसरते कशी यावर अवलंबून होतं. आणि त्या वर्षी तरी या प्रश्नावर शास्त्रज्ञांचंच एकमत नव्हतं.

प्रश्न जुना होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस जिनिव्हाच्या सोस्यूरने सरळ सांगितलं होतं: बर्फ जड आहे, जमीन उतरती आहे, म्हणून तो खाली घसरतो. पुढे लुई अगासीने 1840 साली उंटरआर हिमनदीच्या पाठीवर एका प्रचंड शिळेच्या आडोशाला निवारा केला आणि त्याला थट्टेने ‘हॉटेल’ असं नाव दिलं. त्याचा तर्क असा की भेगांत मुरलेलं पाणी गोठतं, फुगतं आणि बर्फाला पुढे ढकलतं. 1841 मध्ये त्याच्याकडे पाहुणा म्हणून राहिलेल्या एडिनबरोच्या जेम्स फोर्ब्जला काही ते पटलं नाही. पुढच्याच उन्हाळ्यात मेर द ग्लास हिमनदीवर थिओडोलाइट (कोन मोजायची दुर्बीण) लावून त्याने मोजमापं घेतली. हिमनदी रात्रंदिवस सरकते, मधोमध जास्त आणि काठांशी कमी, म्हणजे ती दाट काकवीसारखी वाहते, असं त्याने मांडलं. ऊन तापलं किंवा पाऊस झाला की वेग वाढतो, हेही त्याच्या नजरेतून सुटलं नाही. पण पाण्यामुळे बर्फ मऊ होत असेल, एवढ्यावर तो थांबला. पाणी नेमकं कुठे काम करतं हे दिसायला आणखी सव्वाशे वर्षं लागली.

मधल्या काळात भौतिकशास्त्राने दोन दुवे पुरवले. पहिला दुवा आपल्या गोळेवाल्याच्या हातात रोज असतो. किसलेला बर्फ मुठीत दाबला की त्याचा एकसंध गोळा होतो. शून्य अंशावरचे ओलसर बर्फाचे तुकडे एकमेकांना टेकले की चिकटतात, हे फॅरेडेने 1850 साली दाखवलं. त्याच्या वर्षभर आधी जेम्स थॉमसनने हिशेब मांडला होता की दाब वाढला की बर्फाचा द्रवणांक किंचित खाली येतो. 100 मीटर बर्फाच्या ओझ्याखाली हा फरक जेमतेम 0.07 अंशाचा. ऐकायला क्षुल्लक वाटतो. पण हिमनदीच्या बुडाशी खडकाचा एखादा उंचवटा आडवा आला, तर त्याच्या वरच्या अंगाला दाब वाढून बर्फ वितळतो, पाणी वळसा घालून खालच्या अंगाला जातं आणि तिथे दाब कमी असल्याने पुन्हा गोठतं. अशा रीतीने बर्फ खडकाला ओलांडून पुढे जातो.

दुसरा दुवा केंब्रिजचा. पुढे हिमोग्लोबिनसाठी नोबेल मिळवणाऱ्या मॅक्स पेरुट्झने 1948 साली युंगफ्राऊच्या हिमक्षेत्रात 137 मीटर खोल पोलादी नळी उतरवली आणि वर्षभराने ती किती वाकली ते मोजलं. जॉन ग्लेनने प्रयोगशाळेत बर्फाचे ठोकळे दाबून 1950च्या दशकात नियम बसवला. ताण दुप्पट केला तर बर्फ दुप्पट वेगाने नव्हे, सुमारे आठपट वेगाने विरूप होतो. काकवीचं उदाहरण इथेच मोडीत निघालं.

हे दोन्ही दुवे जोडले योहानेस वीर्टमन याने, 1957 साली. लहान उंचवटे बर्फ वितळून-गोठून ओलांडतो, मोठ्यांना स्वतःच वाकून वळसा घालतो. खरी अडवणूक करतात ते मधल्या आकाराचे, काही सेंटिमीटर ते अर्ध्या मीटरपर्यंतचे. मांडणी देखणी होती आणि आजही संगणकी प्रारूपांत ती सर्रास वापरली जाते. पण तिच्यात पाणी म्हणजे बुडाशी एक पातळ पापुद्रा, बस. त्या पाण्याला स्वतःचा दाब असतो, तो दिवसागणिक बदलतो, ही गोष्ट सूत्रात कुठेच नव्हती.

त्यावर बोट ठेवलं लुई लिबुत्री या फ्रेंच शास्त्रज्ञाने. अँडीजमध्ये बरीच वर्षं हिंडलेला, फिट्झरॉय शिखराच्या 1952च्या मोहिमेत सामील झालेला हा माणूस भांडकुदळ होता, आणि या विषयाच्या नशिबाने होता असं मला वाटतं. त्याचं म्हणणं असं की बर्फ वेगाने सरकला की उंचवट्याच्या मागे खडकाला टेकतच नाही, तिथे पोकळी उरते. पोकळीत पाणी शिरतं आणि तेच बर्फाला खालून उचलून धरतं. टेकणं कमी, म्हणून घर्षण कमी. त्याचा आणि वीर्टमनचा वाद पुढे कित्येक वर्षं चालला.

हा दाब मोजायचा कसा? बोअर घेऊन. 100 मीटर जाडीच्या बर्फात थेट खडकापर्यंत भोक पाडलं, तर त्यात पाणी कुठवर चढतं ते पाहायचं, विहिरीची पातळी पाहतो तसंच. पाणी साधारण 90 मीटरपर्यंत चढलं, तर त्याचा दाब वरच्या बर्फाच्या वजनाइतका होतो. त्या क्षणी हिमनदी जवळजवळ तरंगते. म्हणून महत्त्व नुसत्या पाण्याच्या दाबाला नाही, बर्फाच्या वजनातून तो वजा केल्यावर उरतं त्याला.

माटमार्कनंतर आलालिनवर लक्ष ठेवण्याचं काम झ्युरिचच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठातल्या जलसंशोधन प्रयोगशाळेकडे आलं. तिथल्या हान्स रोथलिसबर्गर आणि सहकाऱ्यांना दिसलं की हिमनदीची जीभ काही वर्षी उन्हाळ्याच्या उत्तरार्धात भरधाव घसरू लागते आणि थंडी पडली की मंदावते. ती प्रत्येक वेळी तुटत नाही, पण तुटली ती अशाच काळात. त्याच रोथलिसबर्गरचा 1972चा एक लेख या विषयातला मैलाचा दगड आहे. विचार साधा: बर्फातल्या बोगद्याला वरचं ओझं सतत मिटवू पाहतं, तर वाहत्या पाण्याची घर्षणाची ऊब त्याच्या भिंती वितळवून तो उघडा ठेवते. पाणी जितकं जास्त तितकी ऊब जास्त, बोगदा तितका रुंद. म्हणून व्यवस्थित वाहत्या मोठ्या बोगद्यात दाब कमीच असतो आणि तो आसपासचे लहान ओघ स्वतःकडे ओढून घेतो.

म्हणजे जास्त पाणी, कमी दाब? हो, पण बोगदे तयार झाल्यावर. हिवाळ्यात ते मिटून जातात, आणि वसंतात पाण्याचा पहिला लोंढा येतो तेव्हा त्याला वाट नसते. मुंबईत जूनच्या पहिल्या सरीला रस्ता तुंबतो आणि तेवढाच पाऊस पुढे निमूट वाहून जातो. कारण वेगळं, पण चित्र तेच.

हे प्रत्यक्ष मोजलं आल्मुट इकेन हिने. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला झेरमाटजवळच्या फिंडेलन हिमनदीवर बोअरमधली पातळी आणि पृष्ठभागाचा वेग एकाच वेळी नोंदला गेला. पातळी चढली की वेग वाढायचा, उतरली की घटायचा. उंटरआरवर, म्हणजे अगासीच्याच हिमनदीवर, तिला आणि सहकाऱ्यांना आणखी नवलाची गोष्ट दिसली. वितळण्याच्या सुरुवातीला अख्खी हिमनदी 60 सेंटिमीटरपर्यंत वर उचलली जाते. सर्वाधिक वेग मात्र ती सर्वात उंच असते तेव्हा नसतो, ती सर्वात झपाट्याने उचलली जात असते तेव्हा असतो. म्हणजे पोकळ्या फुगत असतात, तेव्हा. लिबुत्रीच्या पोकळ्यांना याहून चांगला साक्षीदार मिळाला नसता.

अलास्कात व्हेरिगेटेड हिमनदीने 1983 साली हेच फार मोठ्या प्रमाणावर दाखवलं. जूनमध्ये ती दिवसाला 65 मीटरपर्यंत धावत होती. 4 जुलैला खालून पुराचं पाणी बाहेर फुटलं आणि दौड थांबली. बार्कले कॅम्ब आणि सहकाऱ्यांनी सांगितलं की धावत्या काळात बुडाशी बोगदे नव्हतेच, होत्या त्या चिंचोळ्या वाटांनी जोडलेल्या पोकळ्या आणि त्यांत अडकून पडलेलं पाणी.

या शास्त्रावर धरणं आणि वीज प्रकल्पवाल्यांचं मोठं ऋण आहे, तेही नोंदवायला हवं. फ्रान्समध्ये आर्जांतियेर हिमनदीखाली पाणी पकडायला खोदलेल्या बोगद्यांमुळे संशोधकांना बर्फाच्या पोटाखाली चालत जाता आलं. तिथे बर्फाला टेकवलेलं चाक हिमनदी घसरेल तसं फिरतं आणि वेग सांगतं. नॉर्वेतल्या एंगाब्रीनखालीही वीज प्रकल्पाच्या बोगद्यालगत, 200 मीटर बर्फाखाली, प्रयोगशाळाच आहे.

2002 साली झ्वाली आणि सहकाऱ्यांनी ग्रीनलंडची महाकाय हिमचादरही उन्हाळ्यात वेग घेते हे दाखवलं, तेव्हा ही आल्प्सची विद्या एकदम जगाच्या चिंतेची झाली. तापमान वाढेल तसं पाणी वाढेल आणि चादर समुद्राकडे घसरेल, अशी भीती. ख्रिश्चन शूफने 2010 मध्ये रोथलिसबर्गरचाच मुद्दा नव्याने मांडला: पाणी एकसारखं येत राहिलं तर बोगदे ते वाहून नेतात, वेग वाढवतात ते चढउतार. भर पावसाचे दिवस, वरच्या तळ्याचं अचानक रिकामं होणं. 2006 साली ग्रीनलंडमध्ये असं एक तळं दीड तासाच्या आत, जवळपास एक किलोमीटर जाड बर्फातून, तळाशी उतरलं होतं.

आणि आपल्या शेजारी, पश्चिम तिबेटात, आरू पर्वतरांगेत 17 जुलै 2016 रोजी एक हिमनदी बुडापासून सुटून कोसळली. 9 माणसं आणि शेकडो जनावरं गाडली गेली. दोन महिन्यांनी तिच्या शेजारची तशीच कोसळली. दोन्हींचा उतार बेताचा होता. तपासात जे पुढे आलं त्यात बुडाशी साचलेल्या पाण्याचा वाढलेला दाब होता, आणि खडकाऐवजी खाली असलेला मऊ, बारीक कणांचा गाळ.