गटाचं कर्ज भेटलं म्हणजे बाई मोकळी झाली?

आमच्या यवतमाळकडे लोक अजूनही छातीठोक सांगतात, कर्ज भेटलं का बाई आपल्या पायावर उभी झालीच. नाही हो, आपोआप नाही होत. हैदराबादेत अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो या अर्थशास्त्रज्ञांनी अन् त्यांच्या सोबत्यांनी 104 वस्त्या तपासल्या, निम्म्यांत असं गटाचं कर्ज आधी पोचलं, त्यांची बाकीच्या वस्त्यांशी तुलना केली, ज्यांचा धंदा होता त्यांनी तो वाढवला, पण घरातला बाईचा शब्द, पोरांची शाळा, यात फरक दिसला नाही. माझ्या काकूचंच पाहा ना, कर्ज तिच्या नावावर, पैसा गेला पऱ्हाटीच्या बियाण्यात, कापूस येणार दिवाळीच्या आसपास अन् हप्ता दर आठवड्याला, मग निंदणाच्या मजुरीतून भरते बिचारी. शिलाई मशीन चालवणाऱ्या शेजारणीला मात्र त्याच कर्जाचा खरंच फायदा झाला, पैसा तिच्याच हातात होता.