लोककेंद्री कार्यसंस्कृती (ग्रामीण विदर्भ)

लोककेंद्री कार्यसंस्कृती : राबणाऱ्या माणसाचे आरोग्य, मान, मजुरी आणि मत यांना कामाच्या फळाइतकेच वजन देणारी, कामाच्या ठिकाणी रुजलेली वागण्याची रीत. नियम कागदावर कितीही चांगले असले तरी ही रीत रुजते किंवा मोडते ती त्या ठिकाणच्या प्रमुखाच्या रोजच्या वागण्यामुळे. ग्रामीण विदर्भात कामाचे ठिकाण म्हणजे बहुतेकांसाठी वावर, जिनिंग, तेंदूपानांची फळी (पाने गोळा करण्याचे ठिकाण), रोजगार हमीचे काम, प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा जिल्हा परिषदेची शाळा. आणि प्रमुख म्हणजे शेतमालक, मुकादम, मुख्याध्यापक, वैद्यकीय अधिकारी, गटविकास अधिकारी किंवा बचत गटाची अध्यक्ष. म्हणून शहरी कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागाची मोजमापे इथे फारशी उपयोगी पडत नाहीत. प्रमुख कुठे राहतो, हिशेब कोणाला दिसतो आणि निर्णयाच्या वेळी कोण बोलू शकते, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरून इथली कार्यसंस्कृती ओळखता येते.

हिशेबाचे महत्त्व कापसाच्या वेचणीत सर्वांत उघडपणे दिसते. वऱ्हाडात वेचणीची मजुरी साधारणतः किलोमागे ठरते. बाया दिवसभर ओटीत कापूस वेचतात आणि दिवस कलताना गाठोडी बांधून धुऱ्यावर आणतात. तिथे काटा टांगलेला असतो आणि मालक किंवा त्याचा माणूस वही घेऊन बसलेला असतो. काटा वेचणाऱ्या बाईला दिसेल असा धरला, आकडा मोठ्याने वाचला आणि तिने ‘हो’ म्हटल्यावरच वहीत चढवला, तर त्या वावरात दुसऱ्या दिवशी मजूर शोधत फिरावे लागत नाही. आकडा न सांगताच लिहिला, ‘कापूस ओला आहे’ म्हणून परस्पर वजन कापले, चुकाऱ्यासाठी तीन बाजार खेटे घालायला लावले, की बाया दुसऱ्याच्या वावरात जातात. ‘मजूर मिळत नाही’ ही विदर्भात हंगामभर ऐकू येणारी तक्रार आहे आणि तिला इतरही कारणे आहेत. तरी काही वावरांत भर हंगामात माणसे आपणहून येतात आणि शेजारच्या वावरात बोलावूनही येत नाहीत, यातला फरक बहुधा या काट्यापाशीच सापडतो.

जुन्या व्यवस्थेत हे नाते सालगड्याच्या रूपात होते. गुढीपाडव्याला साल ठरे. रोख रक्कम, धान्य आणि कपडे असा मोबदला असे. पोळ्याला बैलांइतकाच गड्याचाही मान. सायंकाळी सजवलेली जोडी घेऊन तो घरोघर जाई आणि लोक त्याच्या हातावर बोजारा (पोळ्याची ओवाळणी) ठेवत. या नात्यात माया होती हे खरे, पण ती मालकाच्या मर्जीवर होती. साल ठरतानाच घेतलेली उचल फिटली नाही की पुढचे सालही त्याच घरी काढावे लागे. वेठबिगारीवर १९७६ मध्ये कायद्याने बंदी आली, तरी उचलीचे ओझे बरीच वर्षे टिकले. पोळ्याचे जेवण आणि नवे धोतर देणारा मालक तापाने फणफणलेल्या गड्याला सुट्टी नाकारत असेल, तर तिथे लोककेंद्री संस्कृती आहे असे म्हणता येत नाही. मायेला हक्काची जोड नसेल तर ती मालकाच्या मूडप्रमाणे बदलते. आजचे सणाचे बोनस आणि सत्कार समारंभही याच कसोटीवर पाहायला हवेत.

या विषयावर विचारपूर्वक प्रयोग झाले ते प्रथम वर्धा परिसरात. १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ वर्ध्यात स्थापन झाला. त्याचे काम पाहणारे जे. सी. कुमारप्पा यांनी कामाकडे माणसाच्या बुद्धीचे आणि मनाचे पोषण करणारी गोष्ट म्हणून पाहिले. १९३६ मध्ये गांधीजी शेगाव या खेड्यात राहायला आले. पुढे त्याचेच नाव सेवाग्राम झाले. आश्रमात सफाई, दळण, सूतकताई ही कामे कोणालाही चुकत नसत. हलके मानलेले काम प्रमुखानेही करायचे, हा तिथला पहिला पाठ. पवनारला विनोबांनी १९५९ मध्ये स्थापन केलेल्या ब्रह्मविद्या मंदिरात भगिनींनी एकत्र राहून निर्णय सर्वसंमतीने घेण्याची पद्धत चालवली. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत (१९६९) नव्या विद्यार्थ्यांना सुरुवातीला आश्रमात ठेवण्याची आणि प्रत्येक तुकडीला एक खेडे जोडून देण्याची प्रथा पडली. रुग्णाला त्याच्या घराच्या संदर्भात पाहायला शिकवणारी ही व्यवस्था आहे.

आनंदवन (वरोरा, जि. चंद्रपूर) हा याच धाग्यातला, पण वेगळ्या कारणाने महत्त्वाचा प्रयोग. १९५१ मध्ये बाबा आमटे यांनी खडकाळ जमिनीवर काही कुष्ठरोग्यांसह ही वसाहत सुरू केली. समाजाने ज्यांना भीक घालण्यापलीकडे काही दिले नव्हते, त्यांच्या हाती कुदळ, माग आणि करवत आली. बोटे झडलेल्या माणसाला झेपेल असे अवजार, दृष्टिहीनाला जमेल असा कामाचा टप्पा, असे काम माणसाच्या मापाने बेतले गेले. एरवी उलटे होते. काम आधी ठरते आणि त्यात न बसणारा माणूस बाहेर पडतो. कामाची वाटणी करणाऱ्या कोणत्याही मुकादमाने शिकावी अशी ही गोष्ट आहे.

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. दवाखाना बांधण्याआधी त्यांनी आदिवासींना विचारले, तुम्हाला कसा दवाखाना हवा? मोठ्या इमारतीची आणि पांढऱ्या कपड्यांची भीती वाटते, नातेवाइकांना बाहेर काढतात, तिथे आमचा देव नसतो, अशी उत्तरे आली. चातगावजवळच्या शोधग्राममध्ये मग पाड्यासारखा मोकळा दवाखाना उभा राहिला, नातेवाइकांना राहण्याची सोय झाली आणि दवाखान्याला माँ दंतेश्वरीचे नाव मिळाले.

याहून धाडसाचा निर्णय आरोग्यदूतांचा होता. गावातल्याच, थोडे शिकलेल्या बायांना नवजात बाळाचे वजन करणे, श्वास अडकला तर तो सुरू करणे, बाळाला ऊब देणे आणि जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणे शिकवले गेले. डॉक्टरांच्या हातातली सुई गावातल्या बाईच्या हाती देणे म्हणजे आपला अधिकार खाली सोपवणे. अनेक अधिकाऱ्यांना हीच गोष्ट सर्वांत जड जाते. पण नुसता अधिकार सोपवून भागत नाही. त्यामागे प्रशिक्षण होते, तिच्या नोंदी तपासून तिला चुका समजावणारा पर्यवेक्षक होता आणि अडल्यास पाठीशी उभी राहणारी संस्था होती. ३९ गावांतल्या या कामाचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाला होता. २०११ मध्ये केंद्र सरकारने घरोघरी नवजात बाळाची काळजी हा कार्यक्रम आशा कार्यकर्तींमार्फत देशभर नेला. आज विदर्भातल्या अनेक आशाताईंना जबाबदारी मिळाली आहे. मात्र तितकाच भक्कम आधार, वेळेवर मोबदला आणि गटप्रवर्तकाचे (आशांच्या कामावर देखरेख ठेवणाऱ्याचे) ऐकून घेणारे कान मिळावेत यासाठी त्यांना मोर्चे काढावे लागतात.

मेंढा (लेखा), ता. धानोरा, जि. गडचिरोली, या गोंड गावाने प्रमुखाची कल्पनाच बदलली. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा महाराष्ट्रभर माहीत आहे. देवाजी तोफा गावातून आणि मोहन हिराबाई हिरालाल बाहेरून आलेले सहकारी म्हणून या कामाशी जोडले गेले. इथे अभ्यासगट आणि ग्रामसभा वेगवेगळ्या ठेवल्या जातात. अभ्यासगटात हवा तो बाहेरचा जाणकार येतो, प्रश्न उलटसुलट तपासला जातो. निर्णय मात्र ग्रामसभेत, गावानेच आणि सर्वसहमतीने घ्यायचा. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढे ढकलला जातो. यात वेळ जातो, पण अंमलबजावणीच्या वेळी कोणाला हाकावे लागत नाही. २००९ मध्ये गावाला वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. कालपर्यंत दुसऱ्याच्या ठेक्यावर बांबू तोडणारा माणूस मजुरीचा दर ठरवणाऱ्या सभेत बसू लागला. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावच्या ग्रामसभेने तर तेंदूपाने तोडणेच थांबवले. त्यासाठी फांद्या छाटाव्या लागतात आणि जंगलाला आगी लावल्या जातात, हे कारण. हाती येणारा पैसा सोडण्याचा असा निर्णय वरून लादला असता तर टिकला नसता.

कामगाराच्या जिवाचा प्रश्न विदर्भात उन्हापासून सुरू होतो. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. कारखाने अधिनियम, १९४८ ने उन्हाळ्यात पिण्याचे थंड पाणी पुरवण्याचे बंधन घातले होते, ते अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यांवर. त्याहून कितीतरी लहान असणाऱ्या जिनिंगमध्ये, रुईच्या धुळीत उभ्या असलेल्या मजुरासाठी माठ भरून ठेवायचा की नाही, नाकाला बांधायला मास्क द्यायचा की नाही, हे मग मालकाच्या जाणिवेवर उरत आले. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले, शेकडो रुग्णालयात भरती झाले. माणसापेक्षा उंच झालेली कपाशी, औषधांची मिश्रणे, उघडे अंग अशी अनेक कारणे चर्चेत आली. हातमोजे, चष्मा आणि अंगभर कपडे हे फवारणीच्या खर्चातच धरायचे असतात, ही समज त्या वर्षी अनेक घरांना फार मोठी किंमत मोजून आली. वाऱ्याच्या दिवशी पंप खाली ठेवायला सांगणारा मालक इथे कोणत्याही फलकापेक्षा अधिक जीव वाचवतो.

सरकारी कामाची कथा निराळी. गडचिरोली किंवा मेळघाटात नेमणूक म्हणजे शिक्षा, अशी समजूत खात्याखात्यांत रुजली आहे. शासनाने ऑगस्ट २००२ मध्ये आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागातील कर्मचाऱ्यांना एकस्तर वरची वेतनश्रेणी देऊ केली. पण नाखुशीने आलेला माणूस पगार वाढल्याने रमतोच असे नाही. त्यातून ‘अपडाऊन’ सुरू होते. शिक्षक, ग्रामसेवक, परिचारिका तालुक्याहून येऊन संध्याकाळी परततात आणि मुख्यालयी राहत असल्याचे ग्रामसभेचे ठराव फायलीला लागतात. साहेबच अपडाऊन करत असेल तर शिपायाला कोण काय सांगणार? उलट वैद्यकीय अधिकारी केंद्राच्या आवारात कुटुंबासह राहिला की रात्रीच्या बाळंतपणाला परिचारिका एकटी पडत नाही. अर्थात घर गळके, नळ कोरडा आणि मुलांना शाळा दूर असेल तर केवळ राहण्याची सक्ती करणे हाही अन्यायच आहे.

मार्च २०२१ मध्ये मेळघाटातील हरिसाल येथील एका महिला वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याने आयुष्य संपवले. वरिष्ठ छळ करतात आणि त्याच्याही वरच्या अधिकाऱ्याला सांगून उपयोग झाला नाही, असा आरोप त्यांनी मागे ठेवलेल्या पत्रात होता. राज्यभर संताप उसळला. दुर्गम भागात घर, रजा, बदली, वाहन सारे एकाच वरिष्ठाच्या सहीवर अवलंबून असते आणि दाद मागायची जागा शंभर-दीडशे किलोमीटरवर असते, हे त्या घटनेने सर्वांपुढे आणले. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती आणि बाकीच्यांसाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समिती सांगितली आहे. म्हणजे वेचणीला जाणारी मजूर बाईदेखील स्थानिक समितीकडे तक्रार करू शकते. पण लैंगिक स्वरूप नसलेल्या अपमानासाठी, रात्री-अपरात्री धमकावण्यासाठी, मुद्दाम अडवलेल्या रजेसाठी तितकी ठळक वाट अजून नाही.

विदर्भातील अनेक चांगल्या प्रयोगांची मर्यादा म्हणजे ते एकेका मोठ्या माणसाभोवती उभे राहिले. संस्थापकाच्या शब्दाला असलेला मान पुढच्या पिढीला वारशाने मिळत नाही. मतभेद बोलून दाखवायची सवय आधी लागलेली नसेल तर ते कुजबुजीत वाढतात. या बाबतीत लहान बचत गटांची पद्धत अभ्यासण्याजोगी आहे. ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातील गटांना नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे ही पंचसूत्री पाळावी लागते. बैठकीत कर्जाचा आणि परतफेडीचा हिशेब सर्वांसमोर वाचला जातो. अध्यक्षपद ठरावीक काळाने दुसरीकडे देणारे गट अध्यक्ष आजारी पडली किंवा गाव सोडून गेली तरी चालू राहतात, कारण वही कशी लिहायची हे तोवर दोघीतिघींना आलेले असते.