आपेनत्सेल : राजकीय कल व मतदानपद्धती

आपेनत्सेल हे ईशान्य स्वित्झर्लंडमधील डोंगरी गाव आणि आपेनत्सेल इनररोडन या कँटनचे (स्विस संघातील घटक राज्याचे) मुख्य ठाणे. आल्पश्टाइन डोंगररांगेच्या पायथ्याशी, झिटर नदीकाठी, सुमारे 780 मी. उंचीवर ते वसले आहे. लोकसंख्या सुमारे 6,000. बाजारपेठ, कचेऱ्या व नगराची सारी लक्षणे असूनही रहिवासी त्याला ‘डोर्फ’, म्हणजे गावच, म्हणतात. वस्ती पूर्वापार एकाहून अधिक प्रशासकीय विभागांत पसरलेली असल्याने निव्वळ गावाचे मतदान वेगळे काढणे कठीण जाते. म्हणून पुढील विवेचन कँटनच्या निकालांवर आधारलेले आहे.

गावाचे नाव ‘मठाधिपतीची कोठी’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून आले असून 1071 च्या एका दस्तऐवजात त्याचा उल्लेख सापडतो. हा मठ म्हणजे सांक्ट गालेनचा. त्याच्या सत्तेविरुद्ध येथील शेतकऱ्यांनी पंधराव्या शतकाच्या आरंभी लढे दिले (फोगेलिन्सएग, 1403, श्टोस, 1405). 1513 मध्ये आपेनत्सेल स्विस संघात सामील झाले आणि 1597 मध्ये धर्मभेदावरून त्याचे कॅथलिक इनररोडन व प्रॉटेस्टंट आउसररोडन असे दोन भाग पडले.

येथील राजकीय जीवनाचा गाभा म्हणजे ‘लांड्सगेमाइंड’ ही मतदारांची खुली सभा. तिच्या उगमाविषयी एकमत नाही. प्राचीन जर्मानिक टोळ्यांच्या शस्त्रधारी सभांशी तिचा अखंड संबंध जोडणारे मत एकोणिसाव्या शतकात लोकप्रिय होते व पर्यटकांसाठीच्या साहित्यात ते आजही आढळते. मात्र मधल्या अनेक शतकांत अशा सभांचा लेखी मागमूस लागत नाही. मध्ययुगीन न्यायसभा आणि सरंजामी सत्तेविरुद्ध एकवटलेल्या ग्रामसमूहांच्या शपथबद्ध संघटना यांतून ही संस्था घडली, हे अलीकडील अभ्यासकांचे मत अधिक ग्राह्य वाटते. आपेनत्सेलमधील तिचा आरंभ कोणी 1378 च्या सुमारास, तर कोणी 1403 च्या सुमारास मानतात. मठाविरुद्धच्या लढ्याशी त्याचा निकटचा संबंध असावा. आउसररोडनने 1997 मध्ये ही सभा बंद केली. कँटनच्या पातळीवर ती आता इनररोडन व ग्लारुस येथेच भरते.

सभा साधारणतः एप्रिलच्या शेवटच्या रविवारी भरते. चर्चमधील प्रार्थनेनंतर मिरवणूक चौकात येते, दोरखंडाने आखलेल्या रिंगणात मतदार उभे राहतात आणि ‘लांडामान’ हा प्रमुख व लोक परस्परांसमोर शपथ घेतात. पुरुषाच्या कमरेची तलवार वा संगीन हेच त्याचे मतदान ओळखपत्र असते. ते बहुधा बापाकडून मुलाकडे आलेले असते. स्त्रिया छापील मतपत्र जवळ बाळगतात. निवडी व कायदे हात वर करून ठरतात. कौल नजरेच्या अंदाजाने सांगितला जातो आणि तो स्पष्ट नसेल, तरच डोकी मोजली जातात.

स्त्री-मताधिकाराच्या प्रश्नावर या सभेची खरी कसोटी लागली. 1959 च्या देशव्यापी मतदानात इनररोडनच्या सुमारे 95 टक्के मतदारांनी स्त्रियांना संघीय मताधिकार देण्यास नकार दिला होता. 1971 मध्ये तो देशभर मिळाल्यावरही कँटनच्या कारभारात स्त्रियांना मत नव्हते, आणि 1973, 1982 व 29 एप्रिल 1990 या तिन्ही वेळी पुरुषांच्या सभेने त्यांना नाकारले. तेव्हा काही नागरिक संघीय न्यायालयात गेले. 27 नोव्हेंबर 1990 च्या निर्णयात न्यायालयाने कँटनच्या 1872 च्या राज्यघटनेतील एकही शब्द बदलला नाही. तीमधील ‘लांडलॉइट’ (देशवासी) या शब्दात स्त्रियाही येतात, असा अर्थ त्याने 1981 च्या संघीय समानता-तरतुदीच्या आधारे लावला. ज्या शब्दाचा आधार घेऊन अर्ध्या समाजाला रिंगणाबाहेर ठेवले गेले, त्याच शब्दाने दार उघडले, हे या निर्णयाचे सर्वांत मोलाचे अंग होय. 1991 च्या सभेत स्त्रियांनी प्रथमच हात वर केले. पुढे 1996 मध्ये याच सभेने रूट मेत्स्लर यांना कँटनच्या कोषप्रमुखपदी निवडले आणि 1999 मध्ये त्या संघीय मंत्रिमंडळात गेल्या.

पक्षीयदृष्ट्या कॅथलिक-पुराणमतवादी परंपरेतील ख्रिश्चन डेमोक्रॅटिक पक्षाचे (आता ‘मध्य’ पक्ष) वर्चस्व दीर्घकाळ टिकून आहे. 1987 ते 1999 या काळात संघीय मंत्री असलेले आर्नोल्ड कोलर हे मेत्स्लर यांच्याप्रमाणेच याच पक्षाचे व याच कँटनचे. तथापि स्थानिक निवडींत पक्षापेक्षा शेतकरी, व्यावसायिक व कामगार यांच्या संघटनांचा पाठिंबा आणि उमेदवाराची ओळख यांना अधिक वजन असते.

देशव्यापी सार्वमतांत मतदान गुप्त असते. तेथेही कल सावध, केंद्रसत्तेबद्दल साशंक व बाह्य करारांना प्रतिकूल राहिला आहे. 1992 मध्ये युरोपीय आर्थिक क्षेत्र आणि 2002 मध्ये संयुक्त राष्ट्रांचे सदस्यत्व येथे नाकारले गेले. 2009 च्या मिनारबंदीला सुमारे 71 टक्के पाठिंबा मिळाला. नोव्हेंबर 2021 मध्ये कोविड कायदा फेटाळणारे कँटन दोनच होते, श्वित्स आणि इनररोडन. तरीही केवळ ‘पुराणमतवादी’ हे वर्णन अपुरे ठरते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये समलिंगी विवाहाला येथे देशातील सर्वांत कमी, पण 50.8 टक्के, म्हणजे बहुमताची संमती मिळाली.

शेजाऱ्यांच्या, मालकाच्या, नातलगांच्या डोळ्यांदेखत दिलेले मत कितपत मोकळे असते, हा आक्षेप जुना व गंभीर आहे. नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार 1992 मध्ये स्वीकारताना स्वित्झर्लंडने गुप्त मतदानाच्या कलमाबाबत अशा सभांसाठी राखीवता (ते कलम त्यांना लागू न करण्याची मुभा) नोंदवली. साथीमुळे 2020 व 2021 मध्ये सभा भरली नाही आणि तिच्यापुढील विषय मतपेटीतून निकाली निघाले. 2022 पासून मतदार पुन्हा चौकात जमू लागले.